कडू लागतंय का

कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. बायका चौकशीबाई म्हणत, पुरुष नुसतंच चौकशी. मास्क घ्यायला खिडकीशी गेलं की ही बाई आधी दहा प्रश्न विचारणार, जेवलास का, पोरगं शाळेत जातं का, अंगठ्याला काय लागलं, हे सगळ्यांना पाठ होतं. तिच्या सासूने तर लग्नानंतर महिन्याभरातच जाहीर केलं होतं, की या पोरीला झोपेतसुद्धा प्रश्न पडतात. सवय म्हणा, खोड म्हणा. पण पुढचं सगळं झालं ते त्या खोडीपायी, म्हणून आधी सांगून टाकलं.

कारखाना दगडाचा. मोठाल्या लाद्या येत, कापल्या जात, घासल्या जात आणि चकचकीत होऊन लोकांच्या ओट्यांवर नि जिन्यांवर जाऊन बसत. दगड घासला की धूळ उडते, आणि ती मैद्याहून बारीक असते. म्हणून मास्क. चांगला जाड रबराचा, वर्षानुवर्षं टिकणारा. गाळणी तेवढी बदलायची. चौकशीबाईचं काम एवढंच, की मास्क मागवायचे, द्यायचे, वर्षातून एकदा तो प्रत्येकाच्या तोंडावर नीट बसतो का याची परीक्षा घ्यायची, पास-नापास लिहून सही करायची. आणि माणूस नोकरीतून गेला की त्याचा मास्क परत घेऊन, धुऊन कपाटात ठेवायचा.

आता इथे माणसं दोन तऱ्हेची. किनाऱ्याकडची उजळ, उंच, लांब सरळ नाकाची. डोंगराकडची काळी-सावळी, रुंद गालांची, बसक्या नाकाची. कारखाना किनाऱ्याकडच्यांनी काढला, डोंगराकडचे कामाला आले, त्यालाही तीन पिढ्या झाल्या. कागदावर सगळे सारखे. पण ऑफिसात आणि मुकादमीला किनाऱ्याकडचे पुरुष, पॅकिंगला त्यांच्या बायका. करवतीवर डोंगराकडचे पुरुष. आणि लाद्यांचे काठ घासायच्या हॉलमध्ये डोंगराकडच्या बायका. करवतीवर पाणी सोडतात, त्यामुळे धूळ तिथल्या तिथे बसते. काठाला पाणी लावलं तर रेघ नीट दिसत नाही, म्हणून काठ कोरडाच घासायचा, वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन. हे काम बायकांना का, तर म्हणे बायकांचा हात हलका आणि कामही हलकं. ज्या कुणा शहाण्याने हे ठरवलं त्याने धूळ काही वजनात धरली नव्हती.

चौकशीबाईची आई डोंगराकडची, बाप किनाऱ्याकडचा. दोघी बहिणी एका ताटात जेवून वाढल्या. पण थोरलीने आईचं नाक घेतलं आणि धाकटीने बापाचं. अठरा वर्षांपूर्वी ताई कामाला आली तेव्हा मुकादमाने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हॉलचा रस्ता दाखवला. सात वर्षांनी धाकटी आली, तेव्हा त्याच मुकादमाने तिला विचारलं, "लिहिता येतं का?" ताईचं अक्षर तिच्याहून कितीतरी सुंदर होतं. ताईला कुणी विचारलंच नव्हतं.

तर एका मंगळवारी हॉलमधल्या एका बाईचा मास्क परत आला. तिची सून घेऊन आली होती, कागदात गुंडाळून. चौकशीबाईने विचारायचं ते सगळं विचारलं, डोळे पुसले, आणि मास्क धुवायला घेतला. धुता धुता थांबली. मास्कच्या आत, नाकाच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, पांढरी धूळ चिकटून बसली होती. धूळ बाहेर असणार, ते समजलं. पण आत कशी?

तिने कपाट उघडलं आणि परत आलेले मास्क एकेक करून उजेडात धरले. काही खुणा धुऊनही निघाल्या नव्हत्या, रबरात मुरल्या होत्या. किनाऱ्याकडच्यांच्या मास्कात आत जवळजवळ काही नाही. डोंगराकडच्या बायकांच्या बहुतेक सगळ्या मास्कांत त्याच दोन जागी पांढरं.

गोदामवाला शेजारी गाळण्या मोजत होता. तो म्हणाला, "मेलेल्यांचे मास्क उकरून काय मिळणार तुला, चौकशी?"

"मिळालं तर सांगते," ती म्हणाली, आणि एक शाळेची वही काढून बसली.

तिची सही असलेले अकरा वर्षांचे कागद होतेच. कोण गेलं, कितव्या वर्षी, मास्क कुणी आणून दिला, एवढंच तिने उतरवलं. किनाऱ्याकडचे पुरुष साठाव्या वर्षी स्वतः येत, खिडकीवर कोपर टेकून अर्धा तास बडबडत, आता बागेत काय लावणार ते सांगत. पॅकिंगच्या बायकाही साठीला येत, जाताना गळ्यात पडत. डोंगराकडचे पुरुष पंचावन्नच्या आसपास गळत. आणि हॉलमधल्या बायका? त्रेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकेचाळीस. सेहेचाळीस. अकरा वर्षांत तेवीस मास्क मुलींनी, सुनांनी, नवऱ्यांनी आणून दिले होते, आणि त्यातल्या निम्म्या मुलींनी त्याच खेपेला आईची जागा मागितली होती. हॉलमधून एकही बाई साठीला पोचून आपल्या हाताने मास्क द्यायला आलेली नव्हती. अकरा वर्षं ती खिडकीत बसली होती, जगाला प्रश्न विचारत होती, आणि हा एक प्रश्न तिला पडला नव्हता. तिला स्वतःची चीड आली.

ताई आता पंचेचाळीस वर्षांची होती. ताईला खोकला होता. आणि पुढच्या महिन्यात ताई घरी बसून लेकीला आपल्या जागी लावणार होती, कारण कंपनीची खोली हॉलमध्ये काम करणाऱ्या घरालाच मिळते.

दुसऱ्या दिवशी चौकशीबाई वही घेऊन कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भला माणूस, पण घाईचा. त्यांनी वहीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "यात नवीन काय? बायकांची फुफ्फुसं मुळात लहान. वर घरचा धूर. आणि डोंगराकडच्यांची छाती कच्चीच असते, रक्तातच असतं ते."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चौकशीबाईने मान डोलावली आणि विचारलं, "पॅकिंगच्या बायका घरी स्वयंपाक करत नाहीत का, डॉक्टर?"

"करत असतील."

"आणि रक्ताचं म्हणाल, तर माझी मावशी वर डोंगरात आहे. ब्याऐंशी वर्षांची. अजून सरपणाचा भारा आणते आणि वाटेत चार जणांशी भांडते."

"एका शितावरून भाताची परीक्षा करू नये, बाई."

"बरोबर आहे. तुम्ही किती शितं बघितली?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर रांग होती. ती वही मिटून निघाली, पण वैतागली नाही, उलट तिला आता चैनच पडेना. सुईचं भोक दिसायला लागलं होतं आणि दोरा हातात होता.

रविवारी तिने दोन नवे मास्क पिशवीत टाकले आणि ताईच्या खोलीवर गेली. एकच खोली, एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्यात खाट, मधे दोरीवर कपडे. ताई चष्मा लावून लेकीचा कामावरचा सदरा आवळून शिवत होती. लेकीला सगळे बारकी म्हणत. एकोणीस वर्षांची, अंगाने काडी, बोलायला तिखट.

"मावशी आली म्हणजे परीक्षा आलीच," बारकी म्हणाली.

"परीक्षाच आहे. ताई, हा घाल, आणि चष्मा काढू नकोस."

"रविवारी तरी सोड गं मला," ताई म्हणाली, पण घातला. धाकट्या बहिणीचे असले चाळे तिला जन्मापासून ठाऊक होते.

"आता जोरात श्वास सोड."

ताईने श्वास सोडला आणि तिच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. बारकी खदखदून हसली. चौकशीबाईने दुसरा मास्क स्वतःच्या तोंडाला बांधला, ताईचा चष्मा मागून घेतला आणि तीनदा श्वास सोडला. काच स्वच्छ. मग बारकीला घालायला लावला. काच पांढरी. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? मास्क सरळ नाकावर बेतलेला होता. बसक्या नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहत होती, आणि वाट बाहेर जायला असली की आत यायलाही असते.

मग तिला दुसराच प्रश्न पडला. "ताई, तू दरवर्षी पास कशी होतेस?"

परीक्षा अशी असे. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावरून, पुढे पारदर्शक खिडकी असलेली एक मोठी पिशवी खांद्यापर्यंत सोडायची. पिशवीच्या भोकातून कडू पाण्याचा फवारा मारायचा. माणसाने मान इकडेतिकडे हलवायची, शंभरपासून उलटे आकडे म्हणायचे. मास्क घट्ट असेल तर चव लागत नाही. फट असेल तर जीभ कडू होते. शेवटी चौकशीबाई विचारायची, कडू लागतंय का? नाही म्हटलं की पास.

"कशी म्हणजे?" ताई म्हणाली. "तू विचारतेस, मी नाही म्हणते."

"लागत नाही?"

"लागतं की. जहर लागतं." ताईने दात लावून दोरा तोडला. "सगळ्यांनाच लागतं. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. कडू लागलं की गप गिळायचं, तोंड वाकडं करायचं नाही. नापास झालीस तर आवारात झाडू मारायला टाकतात, आणि खोली जाते."

"पण मग मास्क बसत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"मास्क चांगलाच आहे. इतक्यांना बसतो. आपलंच तोंड तसलं, त्याला मास्क काय करणार?"

बारकी मधेच म्हणाली, "मला आत्ताच येतं. बघ मावशी." आणि तिने चेहरा असा कोरा केला, की समोर घर पेटलं तरी पापणी हलू नये. "नाही. काही लागत नाही."

चौकशीबाई हसली नाही. "मला का नाही सांगितलंस ताई? अकरा वर्षं?"

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटी सही करावी लागली असती," ताई म्हणाली. "माहीत नसलं की सही खरी."

चौकशीबाई खाटेवर बसली. ताईचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि एवढी माया करणाऱ्या बाईवर रागावल्याची पुन्हा वेगळी लाज वाटली. ताईला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला हात लावून वाकली, सावरली, आणि म्हणाली, "उन्हाळ्याचा आहे."

"तुझा उन्हाळा बाराही महिने असतो," चौकशीबाई म्हणाली.

एक ताई आणि एक बारकी म्हणजे पुन्हा दोनच शितं झाली. किती जणींना लागतं हे कळायला हवं होतं, आणि विचारून तर कळणार नव्हतं. माणूस जिभेने खोटं बोलेल. पण आंबट लागलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि ते गिळावंच लागतं. लिंबू चाललं नसतं, त्याच्या नुसत्या वासानेही पाणी सुटतं. तिने वाण्याकडून बिनवासाची आंबट पूड आणली. गाळणी बदलायच्या आठवड्यात एकेकाला आत बोलावलं. "फवारा नीट चालतो का बघायचाय, कागदावर काही नाही," असं सांगितलं. आधी साधं पाणी फवारायची, मग आंबट. डोळे गळ्यावर. आकडे म्हणता म्हणता घाटी हलली की टेबलाखाली वहीत एक काडी.

साध्या पाण्याला हॉलमधल्या एकेचाळीसपैकी तिघी गिळल्या. आंबटाला छत्तीस. किनाऱ्याकडच्या पन्नास जणांत पाच. करवतीवरचे डोंगराकडचे पुरुष निम्म्याहून जास्त, पण तिथे निदान पाणी होतं. शेवटच्या दिवशी तिने पुन्हा पुन्हा बेरीज केली, कुठे चूक निघते का बघायला. निघाली असती तर तिला आनंदच झाला असता.

मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनी वही नीट वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "मग या छत्तीस जणींना नापास लिहा."

"साहेब, नापास मास्क झालाय."

"मास्क कसा नापास होईल? फॉर्मवर तसा रकानाच नाही." ते खरंच फॉर्म उलटासुलटा करून बघत होते. "हा मास्क हॉल सुरू झाला तेव्हापासून आहे. सगळ्यांना चालतो. यांनाच चालत नाही, म्हणजे..." ते तिच्या नाकाकडे बघून थांबले. तिची आई कुठली हे त्यांना आत्ता आठवलं असावं. "नियम साधा आहे, बाई. नापास झालेली बाई त्या दिवसापासून हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. ती आवारात. तिच्याच भल्यासाठी आहे तो."

"छत्तीस जणी, एकाच दिवशी?"

"एवढ्या कधी होतच नाहीत," साहेब म्हणाले.

ते वाक्य घेऊन ती जिना उतरली. खरंच होतं. एखादी चुकून बोललीच, तर तिच्या हातात झाडू येई आणि बाकीच्या आणखी घट्ट तोंड मिटत. पण सगळ्या एकाच दिवशी खरं बोलल्या तर? काठ कोण घासणार? काठ न घासलेली लादी कोण घेणार?

दुपारच्या सुट्टीत ती हॉलबाहेरच्या बाकांवर जाऊन बायकांना सगळं सांगून बसली. परीक्षा पुढच्या बुधवारी होती. बायका डबे खात ऐकत होत्या. आंबट पाण्याचं ऐकून एक जण म्हणाली, "तरीच म्हटलं, या वर्षी औषध बदललं." हसू झालं. मग हॉलमधली सगळ्यात जुनी बाई, वय पन्नास, म्हणाली, "सगळ्या बोललो तर हॉल बंद, ते कळलं. आणि निम्म्याच बोललो तर?"

"ते मला माहीत नाही," चौकशीबाई म्हणाली.

"तुझं काय जातंय?" हे ताई म्हणाली. डबा बंद करत, तिच्याकडे न बघता. "तुझी खिडकी तुला राहील. तू शोध लावणार, वही भरणार. पाय आमच्या पोटावर येणार. बुधवारी माझी पोर पहिल्यांदा उभी राहतेय, तिला पास कर, एवढं कर बहिणीसाठी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चौकशीबाई उठून आली. त्यानंतर आठवडाभर ताई तिच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडून जाई. बारकीने नाही म्हटलं तर काय लिहायचं, हे चौकशीबाईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पास लिहावं तर तिला हॉल खाणार. नापास लिहावं तर खोली जाणार, आणि ताई आयुष्यात पुन्हा दार उघडणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. अंथरुणावर पडली की तिला एकच हिशेब सुचे, की आज एकोणीस म्हणजे पंचेचाळीसला सव्वीस वर्षं.

बुधवारी रांग लागली. नवीन मुली आधी, असा प्रघात होता. बारकी एकटीच नवी होती. तिच्या मागे ताई, मग बाकीच्या, दारातून बाहेरपर्यंत. चौकशीबाईने बाटलीत खरं कडू पाणी भरलं, बायकांना दिसेल असं. आज तिला कुणाला फसवायचं नव्हतं.

बारकीने मास्क घातला. चौकशीबाईने पट्टे जमतील तेवढे आवळले, पिशवी सोडली, फवारा मारला. "मान हलव. आकडे म्हण."

"शंभर. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव." आवाज रबरातून घुमत येत होता. "सत्त्याण्णव. शहाण्णव." इथे ती अडली. गळा हलला. "पंच्याण्णव." डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा तसाच कोरा, शिकवला होता तसा.

"कडू लागतंय का?"

"नाही."

चौकशीबाईने पेन उचललं. ते कागदावर टेकेना. हा आवाज तिने अकरा वर्षं याच खोलीत, याच प्रश्नाला ऐकला होता. तोच शब्द, तसाच सपाट, ताईचा. बारकी पिशवीच्या खिडकीतून आधी तिच्याकडे बघत होती, मग वळून मागे, आईकडे. आणि पुन्हा गिळली.

ताई रांग सोडून पुढे आली. तिने दोन्ही हातांनी ती पिशवी लेकीच्या डोक्यावरून काढली, मास्कही काढला, आणि सदऱ्याच्या बाहीने तिचे ओठ पुसले, लहान असताना पुसायची तसे.

"थुंक," ती म्हणाली. "तिथे जाऊन थुंकून ये."

मग टेबलाकडे वळली. "खोटं बोलतेय ती. मीच शिकवलंय. नापास लिही." चौकशीबाई हलली नाही, तेव्हा ती परत म्हणाली, "लिही म्हणते ना. आणि माझंही लिही. मला फवारा मारायचीसुद्धा गरज नाही. अठरा वर्षं तोंड कडू आहे माझं."

चौकशीबाईने दोन्ही नावांपुढे नापास लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ताईच्या मागे ती पन्नाशीची बाई होती. ती पुढे आली, मास्क घातला, पिशवीत डोकं घातलं, सगळे आकडे शेवटपर्यंत म्हटले, कारण सांगितलेलं काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. मग म्हणाली, "लागतंय."

सगळ्या काही बोलल्या नाहीत. गोष्टीत बोलतात, खऱ्यात कुणाकुणाच्या घरी आजारी माणूस असतं. आठ जणी नाही म्हणाल्या, त्यातल्या दोघी रडत म्हणाल्या. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत बारकी धरून चौतीस नावांपुढे नापास लागलं होतं, आणि दुपारी हॉलमधली यंत्रं बंद होती. साहेब स्वतः खाली आले. रिकाम्या हॉलमध्ये, न घासलेल्या लाद्यांच्या मधे, जरा वेळ उभे राहिले.

गोदामवाला म्हणाला, "साहेब, आवारात चौतीस झाडू नाहीत."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग चौकशीबाईकडे. "लहान मापाचा कुठे मिळतो का बघा," ते म्हणाले. "लगेच बघा."

ती खिडकीत गेली. मास्क जिथून येत त्या दुकानाचं यादीचं पुस्तक तिच्याच खणात होतं. दरवर्षी मागणीचा कागद तीच भरायची, मागच्या वर्षीचा समोर ठेवून, तिच्या आधीच्या माणसाने तिला शिकवलं होतं तसा. मास्कच्या ओळीपुढे मापाचा रकाना होता. तिथे ती 'वरीलप्रमाणे' लिहायची. अकरा कागद, अकरा वेळा. तिने पुस्तकात त्या मास्कचं पान उघडलं. मोठं माप, त्याखाली मधलं, त्याखाली लहान, बसक्या नाकासाठी वेगळं. तोच मास्क, त्याच पानावर, दोन ओळी खाली. पानावरची तारीख हॉल सुरू व्हायच्या आधीची होती. जगभराच्या चौकशा करणाऱ्या बाईने ते पान कधी खालपर्यंत वाचलं नव्हतं. ती तशीच बसून राहिली, खिडकीशी कुणीतरी दोनदा टकटक केली तरी.

नवे मास्क एकोणीस दिवसांनी आले. तोवर साहेबांनी सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायला लावले. बारकीला लहान मास्क घालून पुन्हा उभं केलं, कडू फवारा मारला, आणि चौकशीबाईने एकदाच विचारायचा प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा बारकी वैतागून म्हणाली, "खरंच नाही गं मावशी, शप्पथ." चष्मा लावून बघितला. काच स्वच्छ होती. चौकशीबाईने सही केली. काठाला पाणी लावायचं की नाही यावर वरती अजून बैठका चालू होत्या, आणि ती रोज जाऊन विचारत होती.

ताईचा फोटो चांगला आला नाही. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून त्या दोघींना दाखवला, आणि या खेपेला रक्ताचं काही बोलले नाहीत. ताईला आता हॉल बंद, एवढं सांगितलं. जे गेलं ते परत येत नाही, हेही सांगितलं. "किती वर्षं?" असं ताईने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, सांगता येत नाही. ते खोटं बोलत नव्हते, पण त्यांनी खाली बघितलं.

दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. ताईला जिना उतरून दम लागला होता. चौकशीबाईच्या पिशवीत एक नवा मास्क होता. ताईने तो काढून घेतला आणि नाकाला लावून बघितला. श्वास सोडला. बाजूंनी कुठेही हवा सुटली नाही.

"बसतो की गं," ती नवल वाटून म्हणाली. "नवीन निघालाय का?"

हाच प्रश्न नको होता. चौकशीबाईने हो म्हणून विषय संपवला असता, तरी चाललं असतं. तिने सगळं सांगितलं. पान, तारीख, दोन ओळी खाली, मापाचा रकाना. "मी भरत होते तो कागद, ताई. दरवर्षी. मी वरीलप्रमाणे लिहीत होते." बोलता बोलता ती रडायला लागली आणि रडत रडत बोलत राहिली. "मला सगळं विचारायची सवय. हे एक नाही विचारलं. कसं नाही विचारलं?"

ताई मास्क मांडीवर घेऊन बसली होती. ती त्याच्या नाकाच्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. ती रागाने काही बोलेल याची चौकशीबाई वाट बघत होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"तुला कसं सुचणार?" ताई शेवटी म्हणाली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला तो बसत होता ना."